दादाला इंधन दिलं नाही

संप लांबला तेव्हा मी दुसरीत होते. वडील गिरणीकामगार, घरी बसलेले. लालबागच्या आमच्या चाळीत समोरची खोली थोरल्या काकांची. ते गोदीत कामाला, त्यामुळे त्यांचा पगार चालू होता. गावच्या जमिनीतला तांदूळही त्यांच्याकडेच उतरायचा, आमच्या वाट्यासकट.

एका संध्याकाळी आई मला घेऊन तिथे गेली. घरात फक्त काकांचा मुलगा होता. तो तेव्हा कॉलेजात जायचा, मी त्याला दादा म्हणायचे. तांदळाच्या पोत्यावर बसून पेपर वाचत होता.

"वायच तांदूळ दी रे. पोरां उपाशी आसत."

"काकी, संपले," तो म्हणाला. उठलासुद्धा नाही.

त्या दिवशी आम्ही चहात शिळे पाव बुडवून खाल्ले.

पुढे मी दादरच्या एका ऑफिसात लागले. कॉम्प्युटरवरच्या एका ऑनलाइन गेमचं वेड दादानेच लावलं. अंतराळात ग्रह वसवायचे, खाणी खणायच्या, धातू आणि इंधन साठवायचं, जहाजं बांधायची. आम्ही खेळाडूंच्या एकाच गटात होतो; गटातल्यांवर हल्ला करता यायचा नाही. दादा हाती येईल ते जहाजांवर उडवायचा. "साठवून काय लोणचं घालायचंय?" असं मलाच विचारायचा. मी आधी टाक्या वाढवायचे, कारण टाकी भरली की खाण थांबते. साठा उघड्यावर दिसला की लुटारू येतात, म्हणून सकाळी मी तो जहाजांवर चढवून दूर पाठवायचे आणि नंतर परत उतरवून घ्यायचे. हे सगळं मी नुसतं खेळ म्हणून करत नव्हते. मी वाट बघत होते.

एका दुपारी त्याचा फोन आला.

"अगं, माझ्यावर हल्ला येतोय! सगळा ताफा उभा आहे आणि हलवायला इंधन नाही. पाठव ना पटकन."

समोर माझ्या टाक्या काठोकाठ दिसत होत्या.

"दादा, संपलं."

"असं कसं? कालच तर तू..."

"संपलं."

फोन ठेवला, डबा उघडला आणि सावकाश जेवले. त्याचा ताफा जळाला. मग मी मालवाहू जहाजं पाठवून त्याच्या जहाजांचं भंगार उचललं आणि माझ्या गोदामात भरलं.

रविवारी तो तणतणत घरी आला. "गटाच्या पानावर सगळ्यांचा साठा दिसतो. तुझ्याकडे होतं इंधन!"

"हो, होतं. पोत्यात तांदूळही होते."

आत आई बांगडे साफ करत होती. तो आवाज खाली आणून म्हणाला, "ते लहानपणीचं होतं गं."

"लहान मी होते. तू नव्हतास."

चहा न घेताच तो निघून गेला. आईने विचारलं तेव्हा म्हटलं, त्याला घाई होती.

त्याचे दोन ग्रह अजून शिल्लक होते. सोमवारी मी गट सोडला आणि तेही घेतले.