पासवर्ड सांगायचा नसतो, साहेब!

राग त्या त्या वेळी काढला नाही की त्याचे किस्से होतात. नव्वदनंतर आमच्या धुळ्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि माझ्याकडे ढीगच साठला!

कॉम्प्युटरच्या डब्याला तेव्हा खरीखुरी किल्ली असायची. ती फिरवल्याशिवाय कीबोर्ड चालायचा नाही. आमचे साहेब ती खिशात घालून फैजपूरला लग्नाला गेले. आम्ही दिवसभर हातावर हात ठेवून बसलो. बूथवरून फोन केला तर म्हणतात, "काळजी करू नका, किल्ली एकदम सेफ आहे!"

*

फोनच्या एसटीडीलाही कोड होता; तो टाकल्याशिवाय बाहेरगावी फोन लागायचा नाही. तो फक्त साहेबांकडे. हेडक्लार्क नानांची मुलगी सुरतेला बाळंतपणात अडली होती. नाना हात जोडून उभे. साहेब म्हणाले, "कोड गुप्त असतो, नाना. बूथवर जा!"

त्याच संध्याकाळी साहेबांचा मुलगा त्याच फोनवरून पुण्याच्या मित्राला क्रिकेटचा स्कोअर विचारत होता!

*

मग प्रत्येकाला वेगळं लॉगिन मिळालं. शिकवायला आलेला इंजिनीअर म्हणाला, "यूजर नेम म्हणजे तुमचं नाव, ते सगळ्यांना कळलं तरी चालेल. पासवर्ड मात्र बायकोलाही सांगायचा नाही."

नाना सोनगीरचे, अहिराणी बोलणारे. ते म्हणाले, "बायकोले सांगं तर बठ्ठा गावले समजी जाई!"

इंजिनीअरची पाठ वळताच साहेबांचा हुकूम, "आपापले पासवर्ड मला सांगा!"

मी म्हटलं, "मग तुमच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे द्या."

दुसऱ्या दिवशी माझं टेबल संडासाच्या भिंतीला लागलं! नानांची रिटायरमेंट जवळ आली होती. त्यांनी बिचाऱ्यांनी आपला पासवर्ड सांगून टाकला.

*

पुढे कॉम्प्युटरमधला स्टॉकचा हिशोब कुणीतरी बदलला. वरून चौकशीला अधिकारी आले. साहेब तावातावानं म्हणाले, "यूजर नेम नानांचं आहे, म्हणजे काम नानांचंच! दुसरं कोण असणार?"

अधिकाऱ्यांनी त्यांना कॉम्प्युटर उघडायला सांगितलं. नानांनी दोनदा पासवर्ड टाकला, दोन्हीदा चुकला.

"बदललेला दिसतोय," नाना पुटपुटले. "मी नाही बदलला."

"नाटकं करतायत!" साहेब ओरडले. "सरका बाजूला, एवढंसुद्धा येत नाही!" आणि त्यांनी वाकून खटाखट बटणं दाबली. कॉम्प्युटर उघडला!



अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला, साहेबांकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "आपलं नाव काय म्हणालात?"