मुखरूभाऊचा चौथा बोर्ड

"सहा वर्षं झाली बाई, सहा! आणखी किती दिवस मले शिकाऊच म्हनसान?"

"वर्षं मोजून होत नाई ते, मुखरूभाऊ."

"मंग कायनं होते? दोनशे पानांची वही भरली मी. पह्यल्या बारा चाली झोपेत सांगतो."

"झोपेतच सांगता, तोच तं घोर आहे."

पेटीवाले देवराव गालातल्या गालात हसले आणि मुखरूचं डोकं आणखीनच तापलं.

वडशातल्या एका नाटक कंपनीच्या ऑफिसात हे चाललं होतं. झाडीपट्टीची नाटकं दिवाळीनंतर लागतात. तोवर ऑफिसात गुंडाळलेले पडदे पडून असतात आणि त्या गुंडाळ्यांच्या मधोमध बुद्धिबळाचे पट मांडलेले असतात. येत्या रविवारी गडचिरोलीला जिल्ह्याची स्पर्धा होती. संघात चार जण, त्यातले तिघं ठरलेले. चौथ्या बोर्डावर कोण बसणार, हे मुखरूसमोर बसलेली ज्योत्स्ना ठरवणार होती. पोस्टात नोकरी करणारी ही सव्वीस वर्षांची पोरगी वडशातल्या सगळ्यांना पटावर हरवून चुकली होती, त्यामुळे तिच्या शब्दावर कुणी बोलत नसे. आणि आज सकाळी तिनं डिंपलचं नाव घेतलं.

डिंपल दहावीत. घोडा अडीच घरं कसा चालतो ते तिला दोन वर्षांपूर्वी मुखरूनंच दाखवलं होतं. ह्याच पटावर.

मुखरू पाच वर्षं राखीव खेळाडू. राखीव म्हणजे घड्याळांची पिशवी सांभाळायची, सगळ्यांना चहा सांगायचा आणि दिवसभर दुसऱ्यांच्या खुर्च्यांमागे उभं राहायचं. एकदा, फक्त एकदा, त्याला त्या खुर्चीत बसायचं होतं.

तो तलावावर मासे धरणाऱ्या घरातला. धाकटा भाऊ इस्तारी अजूनही जाळं टाकतो. मुखरूला मात्र लहानपणापासून वाचायचा नाद. औषधाच्या डब्यावरची बारीक अक्षरंसुद्धा तो मोठ्यानं वाचायचा. एकविसाव्या वर्षी कंपनीनं त्याला प्रॉम्प्टर म्हणून उचललं. त्याला आता तीस हंगाम झाले. इथल्या नाटकांना तालमी थोड्या, गाव रोज नवं, आणि नट निम्मा प्रॉम्प्टरच्या भरवशावर उभा. मुखरूनं विंगेतून हळूच वाक्य सोडावं आणि मंचावर त्याची गर्जना व्हावी. नट दोन पानं पुढे पळाला, तर मुखरू त्याला मानगूट धरून आणल्यासारखा परत जागेवर आणायचा. एकदा खलनायक भर प्रवेशात खरोखरीची चक्कर येऊन पडला. मुखरूनं त्याला पुढचं वाक्य तीनदा दिलं. चौथ्यांदा जरा चिडून दिलं. देवराव पेटी सोडून मंचावर धावले, तेव्हा कुठे मुखरूची मान वहीतून वर आली.

बुद्धिबळ तो कंपनीच्या गाडीत शिकला, एका तबलजीकडून. मग वाचनालयातलं पुस्तक आणून त्यानं ते अख्खं वहीत उतरवून काढलं. डाव वहीप्रमाणे चालला की त्याचा हात सरसर फिरायचा. समोरच्यानं वही सोडली की मुखरूला वाटायचं, चुकला बिचारा. तरी शेवटी हरायचा तो मुखरूच. का, ते त्याला कळत नव्हतं. हरण्यापेक्षा हे न कळणं त्याला आतून कुरतडत होतं.

"मांडा डाव," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता. मी जिंकलो तं चौथा बोर्ड माहा."

"जिंकायची गरजच नाई," ज्योत्स्ना सोंगट्या लावत म्हणाली. "फक्त एक करा. माही चाल झाली का सांगा, म्या ते काऊन केली."

"बस, कारन सांगाचं? येवढंच?"

"येवढंच."

मुखरूनं पांढऱ्या सोंगट्या घेतल्या. राजापुढचं प्यादं, घोडा, मग उंट. सगळं वहीप्रमाणे. तिसऱ्या चालीला ज्योत्स्नाचा काळा घोडा उडी मारून पटाच्या मधोमध येऊन बसला.

मुखरूचा हात थबकला. "हे चुकलं तुमचं. इथी घोडा येत नसते."

"हो, चाल चुकीचीच आहे. पन काऊन केली?"

"तुमाले आठवलं नाई म्हनून!"

"अरे, तिले काय वाक्य देऊन राह्यला का?" देवराव म्हणाले. "ते नटी नोहय बापा, ते तुह्यावर खेळून राह्यली."

मुखरूनं ऐकलं नाही. ज्योत्स्नाचं मधलं प्यादं मोकळं पडलं होतं, फुकटचं. त्यानं ते घोड्यानं उचललं. ज्योत्स्नाचा वजीर बाहेर आला.

"हा काऊन आला?" तिनं विचारलं.

"माह्या घोड्यावर डोळा आहे."

"अन् आणखी?"

"आणखी काय राहते?"

त्याचं लक्षच नव्हतं, कारण तोवर त्याला दिसलं होतं. घोड्याची एक उडी आणि वजीर, हत्ती दोघंही एकदम माऱ्यात! त्यानं घोडा असा आपटला की शेजारची प्यादी थरथरली. "आता बोला ज्योत्स्नाबाई! वजीर वाचवता का हत्ती?"

 ज्योत्स्नाच्या वजिरानं मुखरूच्या हत्तीजवळचं प्यादं खाल्लं. मुखरूनं हत्ती राजाशेजारी सरकवला. मग वजिरानं मधलं प्यादं खाऊन शह दिला. मुखरूनं उंट मागे आणून राजापुढे आडवा घातला. आता पुढच्या चालीला कोपऱ्यातला काळा हत्ती त्याचाच होता.

ज्योत्स्नाचा हात पटावर आला आणि हवेतच थांबला.

"शेवटचं विचारते, मुखरूभाऊ. माह्या मनात काय आहे? बरोबर सांगतलं तं चौथा बोर्ड तुमचा. डिंपलले मी समजावीन."

हत्ती वाचवसान, दुसरं काय, असं जिभेवर आलंच होतं त्याच्या. पण तिचा हात तसाच थांबलेला पाहून मुखरूनं पहिल्यांदा स्वतःच्या राजाकडे पाहिलं. एका बाजूला स्वतःचाच वजीर. दुसऱ्या बाजूला नुकताच सरकवलेला हत्ती. समोर उंट, दोन्ही अंगांना प्यादी. सगळी घरची माणसं, आणि राजाला हलायला बोटभर जागा नाही. उंट तर शहाच्या वाटेत आडवा उभा, त्याला जागचं उठताच येत नाही. आणि मधोमध तो चुकीचा घोडा. अजून एक उडी की मात.

तिसऱ्या चालीपासून तो तिथेच बसून होता. मुखरूनं त्याच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

दोन शब्द बोलायचे, की खुर्ची त्याची. पण ती थांबली म्हणून त्यानं पाहिलं, हेही त्याला आता दिसत होतं. गडचिरोलीला समोर बसलेला माणूस असा हात हवेत धरून विचारणार नव्हता. तो घोडा ठेवून मोकळा होणार होता. अशी मिळालेली खुर्ची मुखरूला नको होती.

"दिसलं ना जी तुमाले?" ज्योत्स्नाचा आवाज हलका झाला. "दिसलं. तुमच्या तोंडावर कळते. सांगा ना."

"बोल ना बे!" देवराव अर्धे उठले. "सहा वर्षं रडून राह्यला होता, आता तोंडाले कुलूप काऊन?"

मुखरू उठला. त्यानं खुर्ची मागे सारली, उंबऱ्याशी जाऊन चपला पायात घातल्या. एक अंगठा वादीत नीट बसेना, तरी तो वाकला नाही.

"मुखरूभाऊ, रविवारी साताची एसटी आहे," ज्योत्स्ना मागून म्हणाली. "येता का नाई?"

तो रस्त्यावर उतरला, आणि चालू लागला.