वळणावरचं अंजीर

बास्सूदादाला मी तीन वर्षं, एकदाही न भेटता, मनसोक्त नावं ठेवली. आमच्याच माणसांची चराई गिळून उभ्या राहिलेल्या त्या आरशांच्या वीजकेंद्रात तो पाहुण्यांना हिंडवायचा. दर वसंतात शाळेला त्याचं आमंत्रण यायचं आणि दर वसंतात मी ते फळ्यामागे खुपसून ठेवायचे. मी शिक्षिका आहे आणि राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या गावात शेळ्यांनाही ठाऊक आहे.

चौथ्या वर्षी ते पत्र आईच्या हाती लागलं. तिला वाचता येत नाही, पण आरशाचं चित्र तिने ओळखलं.

"फादमा, पोरांबरोबर पालक चालतात का गं?"

"चालतात. का?"

"मग मी पालक. गुडघे अजून माझं ऐकतायत तोवर मला आत ने."

आत कशासाठी, ते मला ठाऊक होतं. त्याच्या चौतीस वर्षं आधी, मी आईच्या पोटात असताना, आमचं बिऱ्हाड शेळ्या घेऊन डोंगराकडे निघालं होतं. आता जिथे आरसे आहेत त्या माळावर माझी थोरली बहीण हद्दा तापाने गेली. चार वर्षांची होती. बाबांनी तिला तिथेच पुरलं आणि खालच्या नदीतून सात काळे दगड पाठीवर वाहून आणून भोवती मांडले. पुढे दरसाल जाता-येता आई तिथे थांबायची आणि वाटेने जो कोणी येईल त्याच्या हातावर हद्दाच्या नावाने सुकं अंजीर ठेवायची. मेंढपाळ असो, मीठवाला असो, खाणाऱ्याने दुवा द्यायची की झालं. मग आम्ही शेळ्या विकून गावात स्थिरावलो. तरी आई वर्षातून एकदा गाडी करून तिथे जायची. या भेटीच्या अकरा वर्षं आधी मात्र केंद्राचं कुंपण पडलं. त्यानंतर ती घरातच अंजिरं वाटायची, पण तिचं समाधान होत नसे. "घरी वाटलेलं घरच्यांच्याच पोटात जातं," म्हणायची. पोरगी आरशांखाली चिरडली गेली, हे तिने मनाशी धरलंच होतं. निदान जवळपास उभं राहून एकदा अंजिरं वाटावीत, एवढीच तिची इच्छा होती.

फाटकावर बास्सूदादा उभा होता. पन्नाशी उलटलेला, वरचे दोन दात गायब, आणि फेट्यावर चढवलेलं पिवळं शिरस्त्राण. आईच्या उघड्या टाचांच्या सपाता आत चालणार नव्हत्या, म्हणून त्याने बूट आणून दिले.

"यात मी आणि शेळी दोघी मावू," आई म्हणाली.

"मग शेळीलाही टोपी द्यावी लागेल लल्ला, नियम आहे," तो म्हणाला आणि खाली बसून त्याने स्वतः तिच्या बुटांच्या नाड्या बांधल्या. लल्ला म्हणजे आमच्याकडे मानाने 'बाईसाहेब'.

माझा राग तिथेच थोडा ढिला पडला. पण लगेच पहारेकऱ्याने आईचं गाठोडं अडवलं. खाण्याचं काही आत न्यायचं नाही, उंदीर येतात, तारा कुरतडतात. आई गाठोडं सोडेना. मी पहारेकऱ्याला चांगलं फैलावर घेतलं. बास्सूदादाने गाठ सैल करून आत पाहिलं. अंजिरं दिसली तशी त्याने गाठ पुन्हा नीट आवळली.

"परत जाताना मिळेल लल्ला," एवढंच म्हणाला.

आईने हात काढून घेतला. बुटांकडे बघत ती पुढे चालू लागली. जिच्यासाठी आलो तीच गोष्ट फाटकावर राहिली होती, आणि मला मुलांसमोर रडताही येत नव्हतं.

बास्सूदादा मात्र रंगात आला होता. मंत्र्याला जे सांगायचा तेच मुलांना, त्याच सुरात. "हे आरसे तोंड बघायला नाहीत. तोंड कसं आहे ते ज्याला विचारायचंय त्याने घरी बायकोला विचारावं. हे दिवसभर सूर्याकडे मान वळवतात, आणि त्यांनी गोळा केलेल्या उन्हाने नळीतलं तेल तापतं. तेलाने वाफ, वाफेने चाक, चाकाने तुमच्या घरातला दिवा." पूर्वी तो खेचरांवर भाजी विकायचा. मग मोजणीवाल्यांची काठी धरायला लागला आणि तिथून या कामाला. घरात त्याचं काम अजून कोणाला नीट कळलेलं नाही. त्याची बायको शेजाऱ्यांना सांगते, "लोकांना ऊन दाखवतो."

आरशांच्या रांगांमधून सरळ रेघेसारखा जाणारा रस्ता एका जागी उगाचच वळला. सपाट माळ, ना खड्डा ना खडक. मुलांनी लगेच विचारलं, रस्ता इथेच का वाकडा?

"आधी हात पुढे," तो म्हणाला. त्याने कमरेची कातडी पिशवी सोडली आणि प्रत्येकाच्या तळहातावर एकेक सुकं अंजीर ठेवलं. "मोठ्या साहेबांची एवढीच परवानगी आहे. माणशी एक, आणि देठ माझ्या खिशात."

आईसमोर त्याने हात पुढे केला. आईने अंजीर घेतलं नाही. ती वळणाच्या आतल्या बाजूला बघत होती. मातीत काळे दगड होते, भोवतीची जागा झाडून स्वच्छ केलेली. तिचे ओठ हलले. ती मोजत होती.

"सात," ती म्हणाली. "हे कोणाचं आहे?"

"माहीत नाही लल्ला. मोजणीच्या वेळी काठी धरून मी इथवर आलो. या माळावर काळा दगड कुठेच नाही, म्हणजे कोणीतरी लांबून वाहून आणलेला. लांबी ही एवढीशी. साहेबांना म्हटलं, इथे कोणाचं तरी मूल निजलंय. त्यांनी टोपी काढली आणि नकाशावर रस्ता वळवला. गावोगाव विचारलं, पण ही वाट भटक्यांची, कोणाचं ते कळलं नाही. मग म्हटलं, नाव नसलं म्हणून काय झालं, अंजीर तर वाटता येतं. ज्याचं आहे त्याला पोचत असेल."

"हद्दा," आई म्हणाली. "तिचं नाव हद्दा."

बास्सूदादाने शिरस्त्राण काढलं. मग त्याने ती पिशवी आईच्या हातात दिली. "आज तू वाट लल्ला. देठांचं मी बघतो."

आईने मुलांना पुन्हा वाटलं. एकेकाला सांगत गेली, "माझ्या हद्दाच्या नावाने." आणि मुलं न शिकवता म्हणत गेली, देव तिच्यावर दया करो. मीही त्यांच्याबरोबर तेच म्हटलं.

"किती जणांना दिलंस रे आजवर?" आईने विचारलं.

"कोण मोजतंय. जे आले त्या सगळ्यांना. मंत्री, विद्यार्थी, जर्मन, चिनी. एक राजदूत तर दुसरं मागत होता."

आई बुटांसकट खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडली. "ऐकलंस का फादमा? अकरा वर्षं मी समजत होते माझं लेकरू उपाशी राहिलं. आणि तिच्या नावाने चीनचा माणूस जेवून गेला."

मी बास्सूदादाची माफी मागितली, तीन वर्षांच्या सगळ्या शिव्यांची. तो म्हणाला, "शिव्यांचं जाऊ दे मास्तरीणबाई, पुढच्या वर्षी आमंत्रण फळ्यामागे टाकू नका." हे त्याला कोणी सांगितलं देव जाणे. या माणसाचे उपकार फिटायचे नाहीत, आणि ते फेडावेत असं मला वाटतही नाही. ते असेच अंगावर राहू देत.

आता आई दर शरदात छपरावर अंजिरं सुकवते आणि मी ती पोत्यात भरून केंद्रावर पोचवते. पहारेकरी तोच आहे आणि नियमही तोच आहे. पण तो पोतं उघडून बघत नाही. "हद्दाचं का?" एवढंच विचारतो आणि फाटक उघडतो.