वरतून एक झाकण

फवारणीचं औषध मोजून झालं की बाटली बंद करायची, हे चाचांना कधी जमलं नाही. एक झाकण ओतून झालं तरी हात हवेतच थांबायचा. मग ते इकडेतिकडे बघायचे आणि कुणाच्या नकळत ओतल्यासारखं अजून थोडं ओतायचे. वर आम्हालाच विचारायचे, "वरतून थोडं पाहिजेच ना बे?"

मोताळ्याच्या बाजारात पावशेर मिरच्या घेतल्या तरी वरून चार जास्त पडल्याशिवाय कुणी पिशवी मिटत नाही. चाचांनी हा नियम साऱ्या जगाला लावला होता. चहात वरून साखर, गोष्टीत वरून मसाला. सलामसुद्धा एक घातला की वरून एक.

आमच्या कृषी केंद्राच्या पायरीवर बसून ते फवारणीचे पंप दुरुस्त करायचे. मी इंग्रजी शाळेतून बारावी करून नुकतीच घरी आले होते. बाबांच्या काउंटरमागे उभी राहून, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे न बघता बाटल्या पुसायचे. चाचांनी पहिल्याच दिवशी मला नाव ठेवलं, इंग्लिश मॅडम.

ते बीटी कपाशीचे दिवस होते. बोंडअळी परत आली होती, पाती, म्हणजे कपाशीच्या कळ्या, गळत होती आणि जो येई तो टॉनिक मागे. दुकानात हसणारं माणूस सापडत नसे. हसू ऐकू यायचं ते पायरीवरून.

त्या वर्षी चाचांनी मोबाइलवर पाहिलं, की मातीशिवाय नुसत्या पाण्यात झाडं येतात. हिवाळ्यात त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न होतं. त्यांनी दुकानात सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "नवरदेवाचा सेहरा माह्या गच्चीवरच्या फुलायचा राहीन!" एवढ्यावर थांबते तर ते चाचा कसले? त्यांनी व्याह्यांनाही फोन केला. आता माघार नव्हती.

गच्चीवर अकरा बादल्या लागल्या. माशांच्या टाकीचं हवा सोडणारं यंत्र, पंपाच्या जुन्या नळ्या, थर्माकोलच्या झाकणांना भोकं आणि त्या भोकांत पांढऱ्या शेवंतीची रोपं. शेतकरी मुद्दाम बघायला यायचे.

"चाचा, याले निंदन नाही?"

"नाही."

"डवऱ्यानं कोळपनं नाही?"

"नाही."

"मंग मालक दिवसभर करते काय?"

"बादलीले पाहून राह्यते!"

चाची जिन्यातून ओरडायच्या, "नहाने कू एक बालटी नइ छोडे इन्होंने!" शेवटी त्यांनी एक बादली हिसकावून नेलीच. तिच्यातलं रोप चाचांनी तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलं आणि न्हाणीच्या मागे ठेवलं.

कळ्या आल्या. चाचा दुकानात असे आले, जणू नातू झाला. कपाशीची पातेगळ थांबवायला देतात ते संजीवक त्यांना हवं होतं. बाबा बाहेर गेले होते. चाचांनी बाटलीसोबतचा कागद माझ्यापुढे धरला. "वाच."

मी वाचलं. शाळेत शिकवलेल्या उच्चारात, एका दमात. शेवटची ओळ होती, "एक्सेस डोस मे कॉज शेडिंग ऑफ फ्लॉवर बड्स."

दुकानात आलेले चार शेतकरी थक्क झाले. एकजण म्हणाला, "काय बोलते बे पोरगी! रेडिओच लागला!" चाचांनी टाळ्या वाजवल्या आणि वरून एक टाळी वाजवली. अर्थ कुणी विचारला नाही. मीही सांगितला नाही. सांगायला गेले तर आवाज चिरकेल, अशी भीती होती. आणि खरं सांगायचं तर, त्या टाळ्या मला फार आवडल्या होत्या.

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. जे औषध थोडं दिलं तर कळी धरून ठेवतं, तेच जास्त झालं तर कळी गाळतं. चाचांनी प्रत्येक बादलीत एक झाकण घातलं, आणि वरून एक.

चौथ्या दिवशी चाचा पायरीवर दिसले नाहीत. मी गच्चीवर गेले. ते बादल्यांच्या मधोमध बसले होते आणि गळलेल्या कळ्या टोपीत गोळा करत होते. लग्न दहा दिवसांवर होतं.

"चाचा, त्या कागदावर लिहिलेलं होतं," मी म्हणाले. आवाज चिरकलाच. "जास्त झालं तर कळ्या गळतात, असं. मी वाचलं होतं."

चाचांचं पोट हसून हलायला लागलं. "अवं मॅडम, मंग मराठीत काऊन नाही सांगितलं? मले वाटलं, तू दुवा देऊन राह्यली!"

ते इतके हसले, की टोपीतल्या कळ्या पुन्हा गच्चीभर झाल्या. मी रडत रडत हसले. तेवढ्यात चाची खालून ओरडल्या, "अजी, वो डब्बेवाली कू देखे क्या?"

न्हाणीमागच्या डब्यातलं रोप सगळे विसरले होते. त्याला औषध मिळालंच नव्हतं. त्याच्यावर टपोऱ्या सात कळ्या होत्या, एकूण एक शाबूत.

सेहरा मलकापुराहून विकत आला, पण बरोबर मधोमध ती सात फुलं ओवली होती. आणि ती नेमकी नवरदेवाच्या नाकासमोर आली. आम्ही बायका पडद्याआड होतो, पण माइकवरून सगळं ऐकू येत होतं. पहिलं कबूल. दुसरं कबूल. तिसरं कबूल, आणि मग प्रचंड मोठी शिंक. नवरदेव गोंधळला आणि पुन्हा म्हणाला, "कबूल है!"

मागून चाचांचा आवाज आला, "वरतून एक!"

पडद्याच्या दोन्ही बाजूंना मांडव हसला. काजीसाहेबसुद्धा.

तेव्हापासून दुकानात नवी बाटली आली की चाचा पायरीवरून हुकूम सोडायचे, "आधी मराठीत, मॅडम! इंग्रजी वरतून!" मी गिऱ्हाइकाकडे बघून, मोठ्याने, एका पंपाला किती आणि जास्त झालं तर काय, ते सांगायचे. मग शेवटी चाचांसाठी इंग्रजीची एक ओळ. ते डोळे मिटून ऐकायचे.

दोन वर्षांपूर्वी चाचा गेले. पायरीवर त्यांच्या पंपांच्या तेलाचा काळा डाग अजून आहे. धुवायचं कुणी नाव काढत नाही.

काल उंद्रीकडचा एक शेतकरी आला. त्याला मी सगळं मराठीत समजावून सांगितलं. तो बाटली घेऊन वळला, तेव्हा माझ्या तोंडून कागदावरची इंग्रजी ओळ आपोआप निघाली, पायरीच्या दिशेने.

"थे काय व्हय, ताई?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "काही नाही. वरतून."