दादाचं चुकून झालेलं भलं

आमच्या घराण्यात चुकून कुणाचं भलं झाल्याचं ऐकिवात नाही. जे बिघडलं ते ठरवून बिघडवलं, आणि जे थोडंफार सुधारलं तेही ठरवूनच. चुकून भलं करण्याचा पहिला मान माझ्याकडे जातो. अभिमानाने सांगावं असं त्यात काही नाही, पण सांगतो.

मी अकाउंटंट आहे. एका जहाज कंपनीत हिशेब बघतो, मलेशियाला खेटून असलेल्या या बेटावर वुडलँड्सला राहतो, आणि एप्रिल उजाडला की आमच्या मंडळातली निम्मी मराठी माणसं बगलेत लॅपटॉप आणि हातात डबा घेऊन माझ्या दारात उभी असतात. लॅपटॉप माझ्यासाठी, डबा बायकोसाठी. (टॅक्सच्या दिवसांत आमच्याकडे चूल पेटत नाही असं वैजू म्हणते. वैजू म्हणजे माझी बायको, वैजयंती. गॅसच्या शेगडीला ती अजून चूल म्हणते.) येईल त्याला मी मेडिसेव्हचं महत्त्व पटवून देतो. मेडिसेव्ह म्हणजे इथलं आरोग्याचं बचत खातं. पगारातून कापून त्यात पैसे जमा होतात आणि ते फक्त दवाखान्यासाठी वापरता येतात. त्यात आपण खिशातून भर घातली, तर टॅक्समध्ये सवलत मिळते. स्वतःच्या खात्यात घाला, आईवडिलांच्या घाला, भावंडांच्या घाला.

"फक्त एक लक्षात ठेवा," मी आवाज खाली आणून सांगतो, "एकदा घातले की परत मिळत नाहीत. तेव्हा नाव नीट बघा!"

लोक माना डोलावतात. मीही डोलावतो.

त्या डिसेंबरात मी माझ्या स्वतःच्या खात्यात भर घालायला बसलो. पूर्वी कधीतरी वापरलेली नावं वेबसाइटवर एकाखाली एक उभी होती. त्यात 'सुधीर' होतं आणि 'सुहास' होतं. सुहास मी. सुधीर माझा थोरला भाऊ. आमच्या वडिलांनी मुलांची नावं ठेवताना वेबसाइटचा विचार केलेला नव्हता.

"आमटीत गूळ घालू का चिंच?" वैजूने स्वयंपाकघरातून विचारलं.

"दोन्ही!" मी म्हणालो आणि बटण दाबलं.

पडद्यावर हिरवी खूण आली. काम फत्ते! आता एवढ्यावर थांबलो असतो तर तो मी कसला? मी पडद्याचा फोटो काढला, रकमेवर काळी पट्टी ओढली (मी खासगीपणाला फार जपतो), आणि मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'वर्ष संपायच्या आत करून टाका. मी केलं!'

ग्रुप नुसता उसळला. अंगठे आले, हृदयं आली. कुणीतरी लिहिलं, 'भाऊ असावा तर असा!' मी खूश झालो. पुण्याकडचे लोक हल्ली कुणालाही भाऊ म्हणतात. 'डोळ्यांत पाणी आलं' असंही एकाने लिहिलं. टॅक्सच्या सवलतीने माणसाच्या डोळ्यांत पाणी येऊ शकतं हे मला नवीन नव्हतं, माझ्याही येतं. आणि सगळ्यात शेवटी सुनीतावहिनींनी, म्हणजे दादाच्या बायकोने, हात जोडलेले पाठवले. मी तो फोन वैजूच्या नाकासमोर नाचवला.

"बघ! शेवटी नमले!"

आता हे नमणं काय, ते सांगायला हवं. दादा पासिर रिसला राहतो. बेटाच्या वरच्या टोकाहून पूर्वेच्या टोकाला जायचं, एवढंच अंतर. पण साडेतीन वर्षं मी त्या बाजूच्या गाडीत चढलो नव्हतो. कारण जोहोरची फेरी. दोन्ही कुटुंबं, शिवाय दादाचे साडू आणि मेव्हणी, अशी सगळी वरात मोठी गाडी करून पलीकडे मलेशियात खरेदीला निघाली होती. पुलाच्या रांगेत सकाळ गेली. खिडकीपाशी पोहोचलो, आणि अधिकाऱ्याने माझा पासपोर्ट उघडून परत माझ्याच हातात दिला. मुदत कधीच संपलेली होती! सगळ्यांना गाडी वळवून घरी यावं लागलं. परतीच्या वाटेवर दादा साडूंना म्हणाला, "याला साधी तारीख वाचता येत नाही, आणि लोक याच्याकडे टॅक्स घेऊन जातात."

यावर गाडीभर लोक हसले. मेव्हणी तर जरा जास्तच हसली.

"मग तुझा टॅक्स तू भर," मी म्हणालो.

"भरीन."

संपलं. दोघं सख्खे भाऊ, दोघांचे केस पांढरे, आणि साडेतीन वर्षं अबोला. वैजूने मध्ये दोनतीनदा विचारलं होतं, "वहिनींना फोन करू का रे?" मी म्हणायचो, "आधी त्यांना करू दे." मंडळाच्या दिवाळीला एकाने मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, "दादांचं कसं आहे आता?" मी चिवड्याचा बकाणा भरत म्हणालो, "त्याला काय धाड भरलीय? मजेत असेल!" तो गृहस्थ माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघत राहिला. मला वाटलं, चिवडा संपवला म्हणून.

एप्रिल आला. मी दिमाखात माझं स्वतःचं टॅक्स रिटर्न उघडलं. सवलतीची रक्कम आपोआप आलेली होती आणि तिच्यापुढे कारण लिहिलं होतं: भावंड.

मी चष्मा पुसला. भावंडच होतं.

"वैजू!" मी असा ओरडलो की शेजारच्या आंटींनी भिंतीवर टकटक केली.

वैजू आली, वाकून बघितलं, आणि म्हणाली, "अय्या, तू दादांच्या खात्यात पैसे घातलेस? किती छान!"

"छान काय? चुकून गेले!"

"मग परत मागव."

"परत मिळत नाहीत," मी म्हणालो. हे वाक्य आजवर मी फक्त दुसऱ्यांना ऐकवलं होतं. स्वतःच्या कानाला ते फारच वाईट लागलं.

आमची मुलगी इरा सोफ्यावर पडून सगळं ऐकत होती. "बाबा, यू आर द टॅक्स एक्स्पर्ट, मा?" (इथल्या इंग्रजीला 'मा', 'लाह' अशी शेपटं असतात.) एवढं बोलून तिने कानात परत इअरफोनची बोंडं घातली.

एकच आशा होती. त्या खात्याला वरची मर्यादा असते. खातं आधीच काठोकाठ भरलेलं असेल तर जास्तीचे पैसे देणाऱ्याकडे परत येतात. आणि दादा तर बँकेत मोठ्या हुद्द्यावर! मी देवापुढे उदबत्ती लावून दादाच्या भरभराटीसाठी प्रार्थना केली. साडेतीन वर्षांत पहिल्यांदाच. मग मनात आलं, डिसेंबरपासून परत आले नाहीत ते आता कुठून येणार? उदबत्ती मात्र विझवली नाही. बरं दिसलं नसतं.

निदान रिटर्न तरी बिनचूक जावं म्हणून मी मदतीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडे एक शांत आवाजाची बाई होती.

"सर, पैसे घातले त्याच्या आदल्या वर्षी भावाला उत्पन्न नसेल, किंवा अगदी कमी असेल, तरच ही सवलत ठेवा. चांगलं उत्पन्न असेल तर काढून टाका. ब्रदर वर्किंग ऑर नॉट वर्किंग?"

"वर्किंग. म्हणजे असावा."

"असावा? युअर ओन ब्रदर?"

"सख्खा."

"देन आस्क हिम, लाह," ती म्हणाली.

वैजू हाताची घडी घालून समोर बसली. पळायला वाव नव्हता. मी दादाचा नंबर लावला. साडेतीन वर्षांनी भावाशी बोलताना पहिलं वाक्य काय असावं यावर लोक विचार करतात, शब्द जुळवतात. पहिल्याच रिंगला त्याने उचलला आणि माझ्या तोंडून निघालं, "दादा, मागच्याच्या मागच्या वर्षी तू किती कमावलंस?"

वैजूने कपाळावर हात मारल्याचा आवाज दादालाही ऐकू गेला असणार.

"काही नाही रे," दादा म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "जोहोरच्या त्या फेरीनंतर दोनेक महिन्यांत नोकरी गेली. पण तुला ते माहीत असेलच."

"हो हो," मी म्हणालो. मला काहीही माहीत नव्हतं.

"येतोस का?" त्याने विचारलं.

आम्ही गेलो. दार सुनीतावहिनींनी उघडलं. "या भाऊजी," एवढंच म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसायला आत वळल्या. दादा खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. मी आधी ओळखलंच नाही. ज्या सदऱ्याच्या गुंड्या पोटावर ताणलेल्या असायच्या, तो सदरा त्याच्या अंगावर दोरीवर वाळत घातल्यासारखा लोंबत होता. गळ्याखाली, जिथे वरची गुंडी उघडी होती, तिथून एक उभा व्रण खाली उतरला होता.

"बायपास," वहिनी पाण्याचे पेले ठेवत म्हणाल्या. "नवरात्रात झाली. मेडिसेव्हमध्ये होतं नव्हतं ते सगळं त्यात गेलं. पुढच्या तपासण्यांचं काय करायचं म्हणून मी रात्रंदिवस घोर करत होते, आणि डिसेंबरात तुमचे पैसे आले. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत भाऊजी. आम्हाला फोन करून उपकार दाखवले नाहीत."

(ग्रुपवर फोटो टाकला होता. पण तिथे मी लिहिलं, बोललो काही नाही.)

मला दिवाळीतला तो चिवडा आठवला. मंडळात सगळ्यांना माहीत होतं! सख्ख्या भावाला माहीत असणारच, म्हणून कुणी मला सांगितलं नव्हतं. दादाची छाती उघडून काळीज दुरुस्त करत होते, तेव्हा मी पुलाच्या रांगेतला अपमान चघळत बसलो होतो. आणि परवा उदबत्ती लावून मी काय मागत होतो, तर त्याचं खातं भरलेलं असू दे, म्हणजे माझे पैसे परत येतील!

"वहिनी, ते पैसे..." मी घसा खाकरला.

वैजूने माझ्या मांडीला असा चिमटा काढला की पुढचं वाक्य 'आई गं' असं झालं.

वहिनी चहा टाकायला आत गेल्या, वैजूही त्यांच्या मागे गेली. खोलीत आम्ही दोघंच उरलो. पंखा फिरत होता. दादाने माझ्याकडे बघितलं आणि त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात तेच ते जुनं हसू आलं, ज्याचा मला लहानपणापासून राग येतो.

"चुकून आले ना रे?"

मी खाली बघितलं. "हो."

"वाटलंच मला. तू आणि न सांगता देणार? शाळेत मला खोडरबर दिलंस तर आठवडाभर वर्गाला सांगत होतास." तो हसायला लागला, मग छातीवर हात धरून थांबला. हसलं की अजून दुखायचं. "सुनीताला सांगू नकोस. तिला बरं वाटतंय."

"नाही सांगत. दादा, मला खरंच काही माहीत नव्हतं रे."

"तेही कळलं मला. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला, मी रोज फोन जवळ घेऊन बसायचो."

"कशाला?"

"मला वाटलं, चूक कळली की परत मागायला तरी येशील."

मी उठून त्याच्या पाण्याच्या पेल्यात पाणी ओतलं. पेला भरलेलाच होता. पाणी टेबलावरून त्याच्या मांडीवर सांडलं, आणि तो ओरडला, "अरे गाढवा, बघून ओत की!" साडेतीन वर्षांत कुणी मला इतक्या मायेने गाढव म्हणालं नव्हतं. ऑफिसात म्हणतात, पण ते इंग्रजीत.

घरी आल्यावर मी रिटर्न पुरं केलं. सवलत काढायची गरज नव्हती. नियमाप्रमाणे ती मला पूर्ण लागू होती. भावाची नोकरी गेली, काळीज चिरलं गेलं, आणि त्याची काळजी घेणारा जबाबदार भाऊ म्हणून सरकारने माझा टॅक्स कमी केला! रिटर्न पाठवायचं बटण दाबताना माझा हात जितका जड झाला तितका पैसे पाठवताना झाला असता, तर निदान नाव तरी वाचलं असतं. त्या साडेतीन वर्षांची भर मात्र कुठल्याच खात्यात घालता येत नाही. मी सगळीकडे शोधलं.

आता दर रविवारी मी पासिर रिसला जातो. आम्ही समुद्राकाठी हळूहळू चालतो. दादा दमला की बाकावर बसतो आणि दम खात माझ्या चुका काढतो. मी ऐकून घेतो.

मागच्या आठवड्यात मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. यंदाच्या कार्यक्रमात मी व्याख्यान द्यावं अशी सगळ्यांची इच्छा आहे. मी म्हणालो, आनंदाने, टॅक्सवर ना? ते म्हणाले, छे छे, 'बंधुप्रेम' या विषयावर! तुमच्याइतका अधिकारी माणूस इथे दुसरा कोण?

मी हो म्हणून टाकलं. विषयाचा मला गंध नाही. पण टॅक्सवर तरी मी इतकी वर्षं कशाच्या जोरावर बोलत होतो?