बाहेरून काढलेले फोटो

कोकणातून परतल्यावर नोएडाच्या घरी मित्रांना टीव्हीवर फोटो दाखवले. रेवदंड्याचं पडकं चर्च, अलिबागचं सिनेगॉग, खाडीकाठचा दर्गा. "बिल्कुल हेरिटेज, यार!" समोशांच्या तेलकट हातांनी टाळ्या वाजवणारे ते रिकामटेकडे आणि त्यांच्यापुढे फुशारलेला मी, सगळे सारखेच फालतू.

मागून आई म्हणाली, "दर्ग्यात नारळ दिलास ना? तू तापातून उठावास म्हणून नवस बोलले होते. आता माझ्याने जाणं होत नाही."

तिने दिलेला नारळ गाडीच्या डिकीतच होता. बूट काढायचा कंटाळा, म्हणून मी कुठेच आत गेलो नव्हतो.

"हो, दिला," मी म्हणालो.

आई टीव्हीवरच्या दर्ग्यापुढे येऊन हात जोडून उभी राहिली.

"आंटीजी, जरा हटिए ना!"

मी घाईघाईने पुढचा फोटो लावला.