निवृत्तीरावांची कॉफी-पाहणी

उदगीरला नोकरीत असताना निवृत्तीराव सोनकांबळ्यांना कॉफीचा नाद लागला, तो रिटायर होऊन नांदेडात घर बांधलं तरी सुटला नाही. सकाळी एक, चारला एक, आणि पाहुणा आला की त्याच्या निमित्तानं एक. अशात त्यांच्या बायकोच्या, पंचशीलाबाईंच्या, मोबाइलवर महिला मंडळाचा मेसेज आला: कॉफीनं कॅन्सर होतो. बाईंनी बरणी कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला खोचली.

"पुरावा काय?" निवृत्तीराव म्हणाले.

"डॉक्टरनं सांगितलंय."

"कोणत्या?"

"तुमाला झाल्यावर त्यालाच इचारा."

आता निवृत्तीराव कृषी खात्यातले. तीस वर्षं पीक कापणी प्रयोग केलेले. रस्त्याकडंचं एक वाळलेलं रान बघून तालुक्याचं पीक बुडालं म्हणता येत नाही, आणि बुडालंच तर पाणी, बियाणं, कीड, सगळे रकाने भरावे लागतात. त्यांनी कागद आखला: नाव, कॉफी, तंबाखू, कॅन्सर. आठ दिवस गल्ली पालथी घातली. केवळाबाईंनी तर आधार कार्डच आणून दिलं. "कोणती स्कीम हाय? पैसे कवा येतेत?"

तीन घरांत कॅन्सर निघाला. त्यातले दोघं कॉफीवाले. निवृत्तीरावांचं तोंड उतरलं. मग नजर शेजारच्या रकान्यावर गेली. तिघंही तंबाखूवाले. नुसती कॉफी पिणारे अकरा जण मात्र ठणठणीत.

त्यांनी लातूरला नर्स असलेल्या लेकीला, विशाखाला, फोन लावला.

"बाबा, एका गल्लीवरून काही सिद्ध होत नाही," ती म्हणाली. "पण मोठमोठ्या संशोधकांचीही आधी अशीच गफलत झालती. कॉफी पिणारे सिगारेटीही जास्त ओढायचे, अन् नाव कॉफीचं व्हायचं. कॉफीनं कॅन्सर होतो असा पुरेसा पुरावा न्हाई म्हणतात आता. फक्त लई कढत पिऊ नका, संशय त्याच्यावर हाय."

निवृत्तीरावांनी कागद ऐटीत बायकोपुढं ठेवला. बाई एकेका ओळीवर बोट ठेवून वाचायला लागल्या. बोट पहिल्याच ओळीवर अडलं. निवृत्ती सोनकांबळे. कॉफी: होय. तंबाखू: होय, रोज चार वेळा.

तंबाखू सहा वर्षांपूर्वी सोडल्याचं त्यांनी घरी जाहीर केलेलं होतं. पण सरकारी हाताला खोटा रकाना भरायची सवय नव्हती, त्याला ते काय करणार.

"कागद खरा हाय का?" बाईंनी शांतपणे विचारलं.

"शंभर टक्के."

"एक नंबरची ओळ बी?"

निवृत्तीराव घुटमळले. ओळ खोटी म्हणावी तर सगळी पाहणी खोटी, म्हणजे कॉफी गेली. खरी म्हणावी तर पुडी गेली.

"ती बी," ते खालच्या आवाजात म्हणाले.

बाईंनी कपाट उघडलं, कॉफी केली, निववून पुढं ठेवली. "प्या. अन् मग पुडी कुठं ठिवता ते दाखवायला चला."

कोपऱ्यावरच्या गुलाम रसूल टेलरनं दोघांना संगट येताना पाहिलं आणि न विचारताच फळीवरचा पत्र्याचा डबा काढून बाईंपुढं धरला.

"भाबी," तो म्हणाला, "बटनां मेरे. बाकी माल इनका."